संगणकाच्या साक्षीची उलटतपासणी कोण करणार?

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. बिलोली तालुक्यातील एका वस्तीवरची भगिनी आमच्याकडे कागदांची पिशवी घेऊन आली. तिचा नवरा तेलंगणाच्या हद्दीतील वीटभट्टीवर कामाला होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो ताप घेऊन घरी परतला, चौथ्या दिवशी त्याला दम लागला आणि दवाखान्यात नेण्यापूर्वीच तो गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने करोनाने मरण पावलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळणार, हे तिने ऐकले होते. पिशवीत रेशनकार्ड होते, आधारकार्ड होते, लग्नातला एक फोटो होता. तपासणीचा अहवाल नव्हता, कारण तपासणीच झाली नव्हती. डॉक्टरचा दाखला नव्हता, कारण डॉक्टरने त्याला पाहिलेच नव्हते. मृत्यूची नोंदही झालेली नव्हती.

आम्ही आधी उशिराची मृत्यूनोंद करून घेतली. त्यासाठी प्रतिज्ञापत्र, पंचनामा, साक्षीदार सारे जमवावे लागले. नोंद झाली, पण मृत्यूच्या कारणाचा रकाना कोराच राहिला. कारण नाही म्हणून करोना नाही आणि करोना नाही म्हणून पैसे नाहीत, असा तो हिशेब झाला.

ज्या महिन्यांत हा माणूस मेला त्या महिन्यांत देशातील वर्तमानपत्रे आलेखांनी भरलेली होती. अमुक तारखेला लाट शिखरावर जाईल, तमुक महिन्यात ओसरेल, इतके रुग्ण होतील, इतके मृत्यू होतील, असे संगणकाची मॉडेले सांगत होती आणि सरकारे त्यावर निर्णय घेत होती. आम्ही वकील आहोत, डॉक्टर नाही आणि गणितीही नाही. परंतु साक्ष कशी तपासतात हे आम्हाला कळते. कोर्टात तज्ज्ञ उभा राहिला म्हणून त्याचे मत कोर्टावर बंधनकारक होत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये तज्ज्ञाच्या मताला स्थान होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ३९ मध्ये आहे. मात्र त्या मताची कारणे विचारण्याचा, त्याची उलटतपासणी करण्याचा हक्क समोरच्या पक्षाला असतोच. मग रोगांविषयी साक्ष देणाऱ्या संगणकाची उलटतपासणी कोण करणार? आणि ज्यांच्या वस्तीवर या साक्षीचा परिणाम होतो, त्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क आहे की नाही? हा प्रश्न चळवळीने आता तरी हाती घेतला पाहिजे.

मुंबईचा प्लेग आणि जुळलेली रेघ

मॉडेल म्हणजे काय, हे आधी सोप्या भाषेत समजून घेऊ. एखाद्या शहरातील माणसांचे तीन गट करायचे. पहिला, ज्यांना रोग झालेला नाही पण होऊ शकतो असे. दुसरा, ज्यांना रोग झाला आहे आणि जे तो पसरवीत आहेत असे. तिसरा, बरे होऊन किंवा मरून या साखळीतून बाहेर पडलेले. एक आजारी माणूस रोज किती जणांना रोग देतो आणि किती दिवस देत राहतो, हे आकडे गृहीत धरायचे. मग एकेक दिवस पुढे सरकत उद्या किती आजारी, परवा किती, असा हिशेब काढायचा. आज हे काम संगणक करतो आणि तीनऐवजी शेकडो गट करतो, पण मूळ कल्पना हीच आहे.

ही कल्पना ज्या प्रसिद्ध निबंधातून जगाला मिळाली, त्याचा संबंध थेट आपल्या महाराष्ट्राशी आहे. विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेन्ड्रिक या दोघांनी १९२७ साली तो लिहिला. मॅकेन्ड्रिक हे ब्रिटिश हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत राहून गेलेले होते. आपले गणित खरे आहे हे दाखविण्यासाठी त्यांनी मुंबईतील प्लेगचे आकडे घेतले. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबईत दर आठवड्याला किती माणसे प्लेगने मेली, त्याचे ठिपके कागदावर मांडले आणि त्यावर आपल्या समीकरणाची रेघ ओढली. रेघ ठिपक्यांवर जवळजवळ बरोबर बसली. तेव्हापासून रोगगणिताच्या पुस्तकांत तो आलेख छापला जातो.

ते ठिपके म्हणजे माणसे होती, हे आपण तरी विसरता कामा नये. याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीमाईंना नेले. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणले आणि त्याच सेवेत त्यांना प्लेग झाला.

आता उलटतपासणी करू. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू माणसाला चावते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवून दिले होते. मुंबईत प्लेग दरवर्षी थंडीत वाढायचा आणि उन्हाळ्यात उतरायचा. त्या समीकरणात मात्र ना उंदीर होता, ना ऋतू. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे रोग जातो, असे धरून ते मांडलेले होते. हे गणित अगदी ढोबळ आहे, असे त्या दोघांनी स्वतःच निबंधात प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. पुढे वाचणाऱ्यांनी कबुली सोडून दिली आणि जुळलेली रेघ तेवढी घेतली. २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने तो हिशेब पुन्हा तपासला आणि दाखवले की, दरवर्षी ठरलेल्या ऋतूत परतणाऱ्या प्लेगचे वर्णन त्या समीकरणाने होत नाही. म्हणजे रेघ बरोबर आणि कारण चुकीचे! हे समजायला पंच्याऐंशी वर्षे लागली.

रोगाविषयीचा चुकीचा समज नुसता कागदावर राहत नाही, हेही मुंबईनेच दाखविले आहे. प्लेग अंधाऱ्या, कोंदट, घाणेरड्या घरांत राहतो असा त्या काळच्या राज्यकर्त्यांचा समज होता. तो समीकरणात मांडलेला नव्हता, पण तोही एक मॉडेलच होता. त्या समजावर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहर सुधारण्याच्या नावाखाली गरिबांच्या वस्त्या मोठ्या प्रमाणावर पाडल्या गेल्या. पिसू उंदरावर होती आणि कुदळ मात्र गरिबाच्या घरावर पडली.

चार प्रश्न

म्हणून मॉडेल समोर आले की कोणते प्रश्न विचारायचे, हे आपण शिकून घेतले पाहिजे.

पहिला प्रश्न, हिशेब बरोबर केला आहे काय? १६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने सांगितले की, काहीच उपाय केले नाहीत तर ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार माणसे मरतील. त्यावरून जगभर खळबळ उडाली. पुढे त्या संगणक-प्रणालीच्या लिखाणावर तज्ज्ञांनी टीका केली. तेव्हा केंब्रिजच्या स्टीफन एग्लेन यांनी ती प्रणाली स्वतंत्रपणे चालवून पाहिली आणि अहवालातले निष्कर्ष त्यांनाही मिळाले. हे योग्यच झाले. प्रणाली खुली असेल तरच अशी तपासणी होऊ शकते. पण यातून एवढेच सिद्ध होते की बेरीज चुकलेली नाही. सातबाऱ्यावरची बेरीज बरोबर असली तरी मूळ मोजणीच चुकलेली असेल तर शेतकऱ्याचा बांध सरकतोच. संगणकाने हिशेब नीट केला का, हा एक मुद्दा. तो ज्या रोगाचा हिशेब करतो तो रोग खरोखर तसाच वागतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्यातून सुटका करून घेण्याची सवय तज्ज्ञांना असते. आपण ती चालू देऊ नये.

दुसरा प्रश्न, हा साक्षीदार पढवलेला आहे काय? ज्या आकड्यांवरून मॉडेल बसवले, त्याच आकड्यांशी ते जुळते म्हणून दाखवणे म्हणजे आदल्या रात्री पढवून आणलेला साक्षीदार उभा करणे होय. खरी कसोटी न पाहिलेल्या आकड्यांवर लागते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२० साली हैदराबाद आयआयटीचे प्रा. एम. विद्यासागर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. कानपूर आयआयटीचे प्रा. मणींद्र अग्रवाल तिच्यात होते. समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की, साथीचे शिखर सप्टेंबरमध्ये होऊन गेले आहे आणि सर्वांनी खबरदारी पाळली तर फेब्रुवारी २०२१ अखेर रुग्ण अगदी थोडे उरतील. लोकांच्या लक्षात अट राहिली नाही, फेब्रुवारी तेवढा राहिला. एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला याच गटाकडून दुसऱ्या लाटेचे शिखर १५ ते २० एप्रिलच्या सुमारास येईल असे सांगितले गेले. प्रत्यक्षात ६ मे २०२१ रोजी एका दिवसात ४ लाख १४ हजार रुग्ण नोंदले गेले.

आम्ही या शास्त्रज्ञांच्या हेतूवर शंका घेत नाही. विषाणूचे नवे, अधिक वेगाने पसरणारे रूप येईल, हे जुन्या आकड्यांवर बसवलेल्या समीकरणाला कसे कळावे? पण तेच तर आमचे म्हणणे आहे. मॉडेलने एकच आकडा सांगू नये. किमान किती, कमाल किती आणि कोणते गृहीतक मोडले तर सारेच मोडेल, हे त्याने उत्तराबरोबरच सांगितले पाहिजे. आणि मागचे अंदाज किती चुकले, याचा ताळेबंद लोकांसमोर ठेवला पाहिजे.

तिसरा प्रश्न, सरासरीत आम्ही कुठे आहोत? जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ताची तपासणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोना होऊन गेल्याची खूण सापडली. इमारतींत १६ टक्के. एकाच शहरातल्या, एकाच प्रभागातल्या भिंतीपलीकडच्या माणसांत इतका फरक! दोन्ही मिसळून मुंबईची एकच सरासरी काढली असती तर तो आकडा ना झोपडीला लागू पडला असता, ना इमारतीला. टाटा संस्थेच्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी मुंबईचे जे मॉडेल केले, त्यात झोपडपट्टी आणि इतर वस्ती वेगळी धरली होती. तेथे घरे दाटीची, संडास सामाईक आणि अंतर पाळायला जागाच नाही, हे मॉडेलला सांगावे लागते. त्याला ते आपोआप समजत नाही. रक्ताची तपासणी झाली म्हणून ही गोष्ट सिद्धही झाली. आता विचारा, बिलोली, धर्माबाद, देगलूरच्या वस्त्यांचे मॉडेल कोणी वेगळे केले? रोजगारासाठी सीमेपलीकडे जाणारा आणि आजारी पडला की परतणारा मजूर कोणत्या गटात धरला?

चौथा प्रश्न, मोजायचे एक आणि मोजले भलतेच, असे तर झाले नाही ना? अमेरिकेत कोणत्या रुग्णाला जादा देखभालीची गरज आहे हे ठरविण्यासाठी दवाखाने एक संगणक-प्रणाली वापरीत होते. २०१९ साली झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. प्रणाली आजार मोजत नव्हती. रुग्णावर पूर्वी झालेला खर्च मोजत होती. काळ्या माणसावर व्यवस्थेने कमी खर्च केलेला, म्हणून तो कमी आजारी! चूक दुरुस्त केली तर जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत काळ्या रुग्णांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे त्यांनी दाखविले. त्या प्रणालीत वंशाचा रकानाही नव्हता. रकाना नसला म्हणजे भेदभाव नसतो, असे सांगणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसे आहे. ज्याला दवाखान्याची पायरी चढता आली नाही, त्याच्या नावे खर्च नाही. आणि खर्च नाही म्हणून तो निरोगी, हा न्याय आपल्याकडच्या वस्त्यांना लावला तर काय होईल?

या साऱ्यावर कोणी म्हणेल, इतकी कसून तपासणी कशाला? त्याचे उत्तर कायद्यात आहे. दिवाणी दाव्यात पुराव्याचे पारडे जड असले की भागते. फौजदारीत माणसाला शिक्षा द्यायची तर संशयापलीकडे पुरावा लागतो. जितका परिणाम मोठा, तितका पुरावा कडक. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये वैद्यकीय उपकरणांसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकीय मॉडेलांबाबत मार्गदर्शन दिले, त्याचेही सूत्र हेच आहे. मॉडेलवर विसंबून घेतलेला निर्णय चुकला तर रुग्णाचे किती नुकसान होईल, त्यावर पुरावा किती मागायचा हे ठरते. आपल्याकडेही मार्च २०२३ मध्ये नवी औषधे व चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत दुरुस्ती झाली आणि प्राण्यांवरील चाचणीऐवजी इतर पद्धतींबरोबर संगणकीय पद्धतींनाही जागा मिळाली. म्हणजे साथ संपली तरी ही मॉडेले जाणार नाहीत. उद्या औषध कोणावर कसे चालेल, हेही ती सांगतील. ते ‘कोणावर’ म्हणजे कोणाच्या शरीरावर, हे आपण आजच विचारले पाहिजे.

मेलेला माणूस मोजला जात नाही तोवर

शेवटी मॉडेल तपासायचे कशाशी? प्रत्यक्षाशी. आणि रोगाच्या बाबतीत प्रत्यक्ष म्हणजे मृत्यूचे रजिस्टर. इथेच आपल्या देशाचे खरे दुखणे आहे. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. बाकीची माणसे कशाने मेली, हे कागदाला माहीत नाही.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॉडेलच्या आधारे सांगितले की, २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जादा झाले. सरकारी आकडा होता सुमारे ४ लाख ८१ हजार. भारत सरकारने त्या मॉडेलवर कडाडून आक्षेप घेतला. आमच्याकडे खरी नोंदणी आहे, मॉडेल कशाला, असा युक्तिवाद केला. युक्तिवाद ऐकायला चांगला आहे. मग नोंदणी बाहेर काढायची होती. २०२१ च्या मृत्यूनोंदणीचा अहवाल बाहेर यायला मे २०२५ उजाडले. त्यात २०२१ चे नोंदलेले मृत्यू १ कोटी २ लाखांवर होते. आदल्या वर्षी ते ८१ लाख होते. एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ, आणि त्या वर्षाचे सरकारी करोना-मृत्यू सुमारे ३ लाख ३० हजार! ही सगळी वाढ करोनाचीच, असे आम्ही म्हणणार नाही. नोंदणी सुधारली तरी आकडा वाढतो. पण मॉडेल खोटे ठरवायला निघालेल्यांची स्वतःची कागदपत्रे चार वर्षे उशिरा कोर्टात आली आणि तीही त्यांच्या बाजूने बोलली नाहीत, एवढे तरी म्हणता येईल.

या साऱ्या आकड्यांत वय आहे, लिंग आहे, जिल्हा आहे. जात नाही. करोनाने कोणत्या जातीची माणसे किती मेली, हे सरकारच्या रोजच्या आकडेवारीने कधी सांगितले नाही. मोजणी टाळून प्रश्न नाहीसा करण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. १९३२ साली लोथियन समितीसमोर काही प्रांतांनी आमच्याकडे अस्पृश्य नाहीतच किंवा अगदी थोडे आहेत असा पवित्रा घेतला, तेव्हा समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी स्वतंत्र टिपण देऊन त्याला तोंड दिले. संख्या नाकारली की हक्क नाकारणे सोपे जाते, हे त्यांनी ओळखले होते. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणाऱ्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. रोगाची मॉडेले जनगणनेच्याच पायावर उभी राहतात. त्या पायात आपली नोंद बरोबर झाली नाही तर पुढची दहा वर्षे प्रत्येक मॉडेल आपल्याविषयी चुकीचे बोलणार, हे पक्के समजावे.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. वस्तीतला कोणताही मृत्यू २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत नोंदवलाच पाहिजे. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले त्याने मृत्यूच्या कारणाचा दाखला फी न घेता द्यायचा असतो, हे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच आहे. तो मागून घ्यावा. वर्ष उलटून गेले तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो आणि गरिबाला तो हेलपाटा परवडत नाही. आणि आपल्यातील जी मुले-मुली आज संगणक आणि संख्याशास्त्र शिकत आहेत, त्यांनी फक्त नोकरीकडे पाहू नये. मॉडेल तयार करणाऱ्यांच्या टेबलावर आपला माणूस बसला पाहिजे आणि ते तपासणाऱ्यांच्या टेबलावर तर बसलाच पाहिजे.

ती भगिनी अधूनमधून बिलोलीच्या कोर्टाच्या आवारात भेटते. मुलगा आता मोठ्या वर्गात गेला आहे, असे मागच्या वेळी सांगत होती. तिच्या नवऱ्याच्या दाखल्यावर कारणाचा रकाना अजून कोरा आहे. कितीही मोठा संगणक आणला तरी तो रकाना त्याला भरता येणार नाही. तो त्याच दिवशी, त्याच गावात, माणसाने भरायचा होता. पुढच्या साथीत आपल्या एकाही वस्तीत तो कोरा राहू देणार नाही, एवढा निर्धार आपण करू या.